टेप कुरतडणारा मासा ओळखण्याबाबत

तीर्थरूप दादांस, गळ्यातली टेप काढून ठेवून शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे हे विचारत नाही, कारण मागच्या चार पत्रांत विचारले आणि चारींना उत्तर नाही. वहिनी गेल्यापासून तुम्ही खोलीबाहेर येत नाही, कोणाशी बोलतही नाही, असे पुतणी फोनवर सांगते. मला फार काळजी वाटते. पण आजचे काम माशाचे आहे. (मासळीच्या लिलावात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला नाही विचारायचे, तर काय शेजारच्या न्हाव्याला?)

रविवारी दुकान बंद ठेवून धक्क्यावर गळ टाकून बसलो. आजवर माझ्या गळाला चपलेखेरीज काही लागलेले नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (तीही एकाच पायाची.) या वेळी मात्र मासा लागला. डोके बोजड, डोळे कोटाच्या बटणांएवढे, खवले नाहीत, पाठीवर ठिपके, पोट पांढरे आणि कुठेही शिवण नाही. कापड भिजवायच्या बादलीत खारे पाणी घेऊन त्याला घरी आणला. हिने बजावले की दादांनी ओळखल्याशिवाय तो माझ्या पातेल्यात जायचा नाही. म्हणून तुम्हाला कळवायला मापे घ्यायला बसलो. तोंडापाशी टेप धरली, तर त्याने तिचा पहिला इंचच कट्कन तोडून गिळला! दात कसले, माझी कात्री परवडली. तरी हिय्या करून लांबी घेतली, अकरा इंच. छाती नऊ. खात्रीसाठी पुन्हा टेप गुंडाळली, तर गडी टम्म फुगला आणि अंगभर काटे उभे! छाती सतरा. टेप लागली की छाती फुगवणारी गिऱ्हाइके जन्मभर पाहिली, दादा, पण आठ इंच कोणी फुगवली नव्हती. न्हाव्याने (शेवटी त्यालाही विचारलेच) गॅसचे निदान केले. मी आपले खाकी कागदाचे दोन नमुने कापले, एक साधा, एक फुगलेला. सोबत पाठवत आहे.

लहानपणी याच धक्क्यावर तुम्ही मला खांद्यावर घेऊन एकेका माशाचे नाव सांगायचात. मी दुसऱ्या दिवशी विसरायचो आणि तुम्ही न चिडता पुन्हा सांगायचात. आताही तेवढेच करा.

तुमचा धाकटा

ता. क. मापे तुटक्या टेपची आहेत, प्रत्येकातून एक इंच वजा करावा. नमुन्यांत सवयीने चहूबाजूंनी शिवणीसाठी अर्धा इंच माया सोडली आहे, तीही वजा धरावी. (बँकेच्या साहेबांचा कोटही त्याच टेपने घेतलेल्या मापांवर शिवला. ढगळ झाला. साहेब, तुम्ही बारीक झालात, असे मी म्हणालो. खूश आहेत.)

पुन्हा ता. क. मासा आता बादलीत नाही. बाजारातल्या मासेवाल्या मावशींनी त्याला पाहताक्षणी नाव सांगितले, विषारी आहे म्हणून माझी खरडपट्टी काढली आणि समुद्रात सोडायला लावला. म्हणजे नाव मला रविवार संध्याकाळपासून ठाऊक आहे. पण दादा, नाव एकाच शब्दाचे आहे. तेवढा एक शब्द तरी लिहा.