अष्टमीची भरती

१ मे १९६२, मालवण
आजवर स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: विमलाचा पाळणा (एकदाच तुटला). उंदरांचा पिंजरा (उंदीर हुशार निघाले). भरती-ओहोटीचं गोल कोष्टक. तिथी फिरवा, वेळ वाचा. आणि आज, चहाच्या आधी पूर्ण, घडीची होडी. लांबी साडेनऊ फूट. वेताचा सांगाडा, शिडाचं कापड, वरून काजूच्या सालीच्या तेलाचे तीन हात. आतून अस्तर, नर्मदेचं लग्नातलं लुगडं. विचारलं असतं तर ती हो म्हणालीच असती. मी शिलाई मशिनं दुरुस्त करणारा माणूस, पण हे सगळं कोणाही गुरूशिवाय. म्हणून होडीचं नाव ‘स्वावलंबन’.

२ मे
विमलाचं पत्र, मुंबईहून. नववा महिना लागला. पहिलं बाळंतपण, खरं तर माहेरी व्हायचं. पण बाळंतिणीच्या खोलीत होडी होती आणि तेल वाळायचं होतं. मुलीला समजायला हवं. नर्मदा म्हणाली, मग मीच मुंबैक जातंय. शेवटची आगबोट तेवीस तारखेला, पुढे पावसाळाभर बंदर बंद. मी म्हटलं, जाशील, आणि वरच्या वर्गाने जाशील. माझा प्लॅन तिला सांगितला. घाटावर दाजीपूरचं अभयारण्य आहे, कडेला धरणाचं तळं. पाहुण्यांना गवे दाखवायला होडी नाही. मी ट्रायल देणार, जंगल खातं दहा होड्यांची ऑर्डर देणार, त्यातून तिकीट. नर्मदा उठून चुलीकडे गेली. पटलेलं दिसलं.

६ मे
मेव्हणा आला. बाबली, देवबागचा. जन्म होडीत गेला, वाचन शून्य. होडी टिचकीने वाजवली, हुंगली, आणि म्हणाला, भावोजी, हेतूर बसान माणूस माशे धरतलो, काय माशे माणसाक धरतले? मी हसलो नाही. मग म्हणाला, हे तेल उन्हात सुटतं, कातडी सोलून काढतं, वेंगुर्ल्याला काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघा. मी शांतपणे सांगितलं, त्या बायका तेलाला हात लावतात. आपण नुसतं बसणार.

११ मे, दाजीपूर
बाबलीही बहिणीसाठी बरोबर आला. फोंड्याच्या घाटात नर्मदेला ओकाऱ्या. एसटीच्या टपावर होडीला मात्र काही झालं नाही. जंगल चांगलं आहे, पण व्यवस्था नाही. दुपारी दोनला पायवाटेवर संध्याकाळ होते. झाडांना नावांच्या पाट्या नाहीत. सूचना करणार.

जंगल खात्याच्या बंगल्यावर धोंडूशेट म्हणून लाकडाचे कंत्राटदार भेटले. होडी उघडून दाखवली. माणूस चाट. मजूर पलीकडे न्यायला हवी म्हणाला, जशी आहे तशी, आत्ता, रोख. एक आकडा बोलला. तो इथे लिहीत नाही, कलेचा अपमान होतो. नाही म्हटलं. नर्मदा मागे चहा घेऊन उभी होती, तिच्या हातून कप पडला. प्रवास सोसत नाही तिला. मग म्हणाली, तितक्यात माझा जाणा-येणा झाला असता, विमलाक डिंकाचे लाडू नेले असते. मी म्हटलं, दूरदृष्टी ठेव.

१२ मे, सकाळी सात
शुद्ध अष्टमी. कोष्टकाप्रमाणे सहाला भरती, बाराला पुरी ओहोटी, पुन्हा सहाला भरती. रेंजरसाहेब दुपारी पाहायला येतील. प्रवासी म्हणून नर्मदा. तिला पोहता येत नाही. ट्रायलला तसाच माणूस हवा. बाबली बसायला तयार नाही. म्हणाला, खाऱ्या पाण्यात बुडलंय तर घराकडे तरी लागान, हय कोणाक गावतलंय?

दुपारी साडेबारा
होडी तरंगली. पुन्हा लिहितो, तरंगली. थोडं पाणी आत आलं ते अस्तराने शोषलं. त्यासाठीच ते होतं.

नवाच्या सुमारास तळ्याचं पाणी उतरू लागलं. म्हणजे कोष्टक डोंगरावरही खरं! यावर लेख लिहिला पाहिजे. सध्या होडी चिखलात रुतली आहे. वजन कमी व्हावं म्हणून मी उतरलो आणि मांड्यांपर्यंत चिखल तुडवून काठाला आलो. नर्मदा होडीतच. कोणीतरी होडी राखायला हवं. बाबली म्हणाला, तळ्याक कसली भरती? मी माणसा घेऊन येतंय. गेला. उगाच धावपळ. सहाला पाणी येतंच आहे.

दुपारी चार, झाडावरून
पाणी आणखी मागे. गव्यांचा कळप आला, म्हणून निरीक्षणासाठी वर चढलो. काय जनावर! एकाने होडीला नाक लावलं. नर्मदा हलली नाही. धैर्य बरं दाखवलं. अर्थात होडी भक्कम होती म्हणून. कळप गेल्यावर तिने तिथूनच ओरडून विचारलं, अवो, तुमची भरती खंय पोचली? फोंड्याक इली काय? मी ओरडून सांगितलं, सहाला. ती म्हणाली, माझे पाय भाजतत. मी म्हटलं, ऊन आहे, पदर घे.

सायंकाळी सात
सहा वाजून गेले. पाणी आलं नाही.

बाबली, रेंजर आणि चार माणसं फळ्या-दोर घेऊन आली. रेंजर म्हणाला, खाली शेतांसाठी धरणाचं दार उघडलंय, तळ्याला भरती नसते हो काका. पंचविशीचा पोर. मी दाखवून दिलं की कोष्टक बाराला ओहोटी म्हणत होतं आणि बाराला पाणी उतरलेलंच होतं. दाराचं कोष्टक मला कोणी दिलं नव्हतं.

नर्मदेला फळीवरून उचलून आणलं. तेल सुटून गुडघ्यांपर्यंत फोड. तिची कातडी पहिल्यापासून नाजूक. बाबलीने बहिणीला पाठीवर घेतलं. ऑर्डरचं विचारलं तेव्हा रेंजर म्हणाला, आधी बाईंना दवाखान्यात न्या. नाही म्हणाला नाही. म्हणजे विचार चालू आहे. धोंडूशेट होडी बघून हसला आणि निघून गेला. ग्राहक असे चंचल.

२३ मे, मालवण
नर्मदा आज गेली. तिकीट बाबलीने काढलं. पाय अजून पट्ट्यांत, तेव्हा धक्क्यापर्यंत त्यानेच उचलून नेलं. आगबोट लांब उभी होती. मी म्हटलं, तिथवर स्वावलंबनातून सोडतो. धक्क्यावरची माणसं हसली. नर्मदा हसली नाही. म्हणाली, ह्येच्या फुडे त्यात तुम्ही एकट्यानच बसा.

रागात बोलली. पत्र येईल.

९ जून
जावयाचं कार्ड. मुलगा झाला. सासूबाई वेळेवर पोचल्या म्हणून निभावलं. त्या आता इथेच राहतील. खोली लहान आहे, आपण येण्याची तसदी घेऊ नये.

नर्मदेची वेगळी ओळ नाही. दोन्ही बाजू पाहिल्या.

तसंही बंदर बंद आहे.

भात कच्चा राहिला. बाळंतिणीच्या खोलीत होडी उघडून ठेवली आहे, तिच्यात शेजारच्या राधाबाईची कोंबडी अंड्यांवर बसते. राधाबाई म्हणाली, नायतरी खुराडाच झाला हेचा, आठ आण्याक दी. विचार करतो म्हटलं.

फक्त नोंद असावी म्हणून: धोंडूशेटने होडीचे साडेतीनशे रुपये देऊ केले होते. रोख. मी नाही म्हटलं.