टाकी भरली नसताना वाजणारा बझर

२ मार्च, रविवार
आज परत खोटा वाजला. पिठाच्या हातांनी दारापुढच्या ओट्यावर धावले, मोटार बंद केली, गच्चीवर चढले – टाकी अर्धी! नळ चार दिवसांनी येतो. मी जिना चढत-उतरत होते, तेवढ्यात नळ गेला.

टाकीवर संदेश पाठवणारा तुकडा, स्वयंपाकघरात तो ऐकणारा. अशी ही स्वस्तातली, मीच जुळवलेली रेडिओची जोडी. टाकी भरली की बझर वाजायचा, एवढंच काम. देवानंद जेवताना म्हणाले, "तुह्या रेडिओपेक्षा गच्चीवरून सांडनारं पानी बरं. ते खोटं नाई बोलत." नवऱ्याला हसायला काय जातं!

३ मार्च
ही जोडी विकणाऱ्या वाशीमच्या दुकानदाराला फोन केला. "मॅडम, एवढ्या पैशात वाजून तं राह्यला ना?" म्हणे. कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी याच्याकडूनच माल नेतात. सगळ्यांना असंच फसवत असेल. रागाने तक्रार लिहायला घेतली.

मग थांबले. मी प्रोग्राममध्ये काय लिहिलंय? काहीही ऐकू आलं की वाजव. मग दोष नक्की कुणाचा? आधी तपासायला हवं.

६ मार्च
बझर जे ऐकतो ते लॅपटॉपवर उमटवून पाहिलं. नुसती खरखर असती तर आकडे वाटेल ते आले असते. खोट्या वाजण्याच्या वेळी मात्र दर वेळी एकच आकडा, तोही टाकीचा नाही. म्हणजे जवळपास कुणीतरी बिनतारी बटण दाबतंय.

तक्रार फाडून टाकली. दुकानदाराबद्दल उगाच वाईट बोलले.

८ मार्च
सापडलं. शेजारच्या माणिकरावांची आई, गंगूमाय. खुबा मोडल्यापासून खाटेवरच आहे. उशाशी बिनतारी बेलचं बटण. ती बेल आणि माझी जोडी एकाच लहरीवर चालतात. तिला दाबायला सांगितलं. माझ्या स्वयंपाकघरात वाजलं, त्यांच्या बैठकीत चूप. भिंतीवरची बेल उघडली – आत सेलच नाहीत. कुणीतरी काढलेले.

म्हातारी बोलावते आणि घरात कुणाला ऐकू जाऊ नये अशी सोय! सून योगिनी म्हणाली, "असतील संपले." संपले तर नवे घालावेत ना. रिकामी बेल भिंतीवर कशाला?



९ मार्च
नवा प्रोग्राम तयार आहे. टाकीचाच आकडा ऐकायचा, बाकीचे सोडून द्यायचे. अजून चढवला नाही. चढवला की तिचं बटण माझ्याकडेही मुकं होणार. मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?

तिच्या आकड्याला वेगळा सूर देता येईल. पण पोटचा मुलगा घरात असताना शेजारणीनं का धावायचं? आणि मी तरी कोण लागून गेले दुसऱ्याच्या घरचा न्याय करणारी? हे सगळं पटतं. राग तरी जात नाही.

१० मार्च
माणिकराव फाटकात भेटले. बोललेच. "आईची हाक बंद करता? काही वाटत नाही तुम्हाला?"

ते म्हणाले, "ताई, म्या नाई काढले सेल. मायनंच काढाले लावले. तिले इचारा."

आईच्या अंगावर ढकलून मोकळे. हद्द झाली.

११ मार्च
गंगूमायला विचारलं. पदर तोंडाला लावून हसली. "म्याच काढाले लावले. थे वाजलं का सून बिचारी कामं टाकून धावते. मले काई लागत नाई. पन म्या दाबलं का तू वट्यावर येतं, थे दिसलं मले खिडकीतून. मंग दाबतो कदी कदी."

मग म्हणाली,

"पन तू आली का वरच पाह्यतं, टाकीकडं. इकडं पाह्य ना कदी."