बुटक्या पेटीतले तीन कोंबडे

प्रिय ठकू,

आईने एकदम पत्र लिहायला घेतलं म्हणजे फोन बिघडला की काय, असं तुला वाटेल. फोन ठणठणीत आहे. पण फोनवर बोलायचं तर तुझे बाबा आसपास घुटमळत असतात आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर बोलवत नाही. गेले दोन महिने या घरात कुठेतरी पाणी मुरतंय असा मला दाट संशय होता. सगळं सांगते. मध्येच रागावून पत्र बाजूला टाकू नकोस.

सुरुवात तुझ्या कोंबड्यांपासूनच करते. "सगळ्या माद्याच आहेत, आई, मी पारखून आणल्यात," असं छातीठोकपणे सांगून तू दहा पिल्लं माझ्या गळ्यात मारून गेलीस. त्यातले तीन नर निघाले. पांढरा फौजदार, लाल नवरदेव आणि दोघांचा मार खाणारा बावळ्या. सात कोंबड्यांना एक कोंबडा पुष्कळ झाला गं. या तिघांनी त्या बिचाऱ्यांच्या पाठीवर पीस म्हणून ठेवलं नाही. मी म्हटलं, एक ठेवा, दोन कुणाला तरी देऊन टाका. तुझ्या बाबांचं एकच पालुपद, ठकूने दिलेत, एकही जाणार नाही. मग त्यांनी नवरदेवाला आणि बावळ्याला आपल्या पत्र्याच्या दुकानामागे जाळी लावून वेगळं केलं. कोंबड्या नजरेआड झाल्यावर दोघांची मारामारी थांबली, हे मात्र मान्य करते. आरवण्यावर उपाय म्हणून त्यांनी रात्रीसाठी तीन कप्प्यांची पत्र्याची पेटी केली. हवेला भोकं पाडली, पण छत इतकं बुटकं ठेवलं की कोंबड्याला मान वर करता येऊ नये. मान ताणली नाही तर त्याला आरवता येत नाही म्हणे.

पेटी झाली झकास. पण पहिल्याच पहाटे बावळ्याने मान आडवी ताणून असा गळा काढला की मी अंथरुणात उठून बसले. शेजारी हे टक्क जागे. मला म्हणतात, "बघितलंस? चूं नाही की चां नाही!" मला वाटलं, थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग मला राग यायला लागला. तीनही कोंबडे ठेवायचे म्हणून माणसाने इतकं धडधडीत खोटं बोलावं?

त्यात शेजारच्या शिवणवाल्या काकू. त्या भिंतीपलीकडून ओरडतात, दोन कोंबडे काढा हो, झोपेचं पार खोबरं झालंय. हे हसतात, मान डोलावतात. काकू खूश होऊन मला सांगायला येतात की तुमचे हे कबूल झाले. घरात विचारावं तर हे म्हणतात, "मी? कधी?" इतक्या वर्षांच्या संसारात ज्याला धड एक थाप मारता आली नाही, त्याला आता उतारवयात हे कावे सुचतायत, म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय, असं मी धरून चालले. दुकानातही तोच प्रकार. गिऱ्हाईक नरसाळं सांगून गेलं, यांनी डबा करून ठेवला. मी पाळतच ठेवली, ठकू. कुणाकडे जातात, कुणाशी बोलतात. तर कुणाशीच बोलत नाहीत, हे कळलं. केस कापायला गेले की तिथे तासभर गप्पा ठोकणारा माणूस, आता खाली मान घालून जातो आणि तसाच परत येतो.

आणि तुझा तो फोन. तू त्यांना इतकं मोठं सांगितलंस आणि त्यांनी "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून फोन माझ्या हातात दिला. तू रडलीस. मला वाटलं, मुलगा पसंत नाही म्हणून विषय टाळला. त्यावर कहर म्हणजे संध्याकाळी मलाच विचारतात, "ठकू काय म्हणत होती?" मला ते नाटक वाटलं. मी म्हटलं, तुम्ही बापलेक बघून घ्या, आणि तोंड फिरवून बसले.

मग गेल्या आठवड्यात फौजदाराने मागून येऊन यांच्या पोटरीत नख्या मारल्या. चांगलं रक्त आलं. तुला आठवतं ना, हेच तुला शिकवायचे की कोंबडा अंगावर यायच्या आधी पंख खाली सोडून पाय घासतो, तेवढा आवाज ऐकून वळायचं. मी जखम धुतली. दुसऱ्या दिवशी हे दाणे टाकत असताना मी मागे उभी राहिले आणि डब्याचं झाकण फरशीवर पाडलं. सातही कोंबड्या पंख फडफडवत कोपऱ्यात पळाल्या. हे दाणे टाकत राहिले, आणि कोंबड्या अशा का पळाल्या म्हणून तिकडे बघत बसले.

बादलीला टिचकी मारून चीर कुठे आहे ते सांगणारा माणूस गं हा. जन्मभर पत्रा ठोकला, त्या पत्र्यानेच त्यांचे कान नेले. आणि मी त्यांच्यावर पाळत ठेवून होते.

काल पहाटे ते अंथरुणात नव्हते. खिडकीतून पाहिलं, तर पेटी उघडून बावळ्याला काखेत धरून बसलेले. दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या छातीवर. बावळ्या आरवला. यांनी हात काढला नाही. तो पुन्हा आरवला. मग त्यांनी त्याला हळूच पेटीत ठेवलं आणि बराच वेळ त्या बुटक्या छताकडे बघत राहिले. आत आल्यावर मला म्हणाले, "पेटी जमली नाही." एवढंच. मला रडू आवरेना, म्हणून मी चूल पेटवायला गेले.

नवरदेव आणि बावळ्या काकूंच्या बहिणीकडे जाणार आहेत, तिच्याकडे मोकळं रान आहे. हे "देऊन टाक" म्हणाले, वाद नाही घातला. कानाचा विषय मी अजून काढलेला नाही. ते स्वतःहून सांगेपर्यंत मला धीर होत नाही. पण तू थांबू नकोस. दोन महिने तू त्यांच्याशी बोलली नाहीस आणि ते रोज फोनपाशी घुटमळतात, उचलत मात्र नाहीत. आता फोन करू नकोस, ये. त्या मुलालाही घेऊन ये. बाबांच्या समोर बस, उजेडात, आणि तेच पुन्हा सावकाश सांग. ते तुला नाही म्हणालेच नाहीत, ठकू. आपल्या मुलीचं लग्न ठरलंय, हे त्यांना अजून माहीतच नाही.

वाट बघणारी,
तुझीच आई