गुडघ्यांची ठेव

आज शुक्रवार, दि. २१ नोव्हेंबर २०२५. सकाळी बँकेत हयातीचा दाखला दिला. अंगठा तिसऱ्या खेपेला उमटला. येताना क्रांती चौकातून मृत्युपत्रासाठी कागद आणले. जेवण केले नाही.

मी, सखाराम कडूबा शेजूळ, वय ७१, पाटबंधारे खात्यातील निवृत्त लिपिक, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. मनाचे मला नीट सांगता येत नाही. पत्नी वच्छलाबाई भाद्रपदात तापाने गेली. पूर्वीच्या मृत्युपत्रात सगळे तिच्या नावे होते, म्हणून ते रद्द.

१. घर मुलगा इंद्रजीत याला. तो वाळूजला कंत्राटावर आहे. दिवाळीत म्हणाला, "बाबा, माझ्या टॅक्समधून तुमची पेन्शन. माझ्या म्हातारपणी कोण देणार?" तो चुकत नाही. मी बत्तीस वर्षे नोकरी केली, हेही खोटे नाही. ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांच्याकडून जास्त घ्यावे आणि सगळ्याच म्हाताऱ्यांना द्यावे, असे वच्छला म्हणायची. किती आणि कोणाकडून, हे मला कधी मांडता आले नाही.

२. मेव्हणे आप्पासाहेब यांनी नेलेली शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. मला चारचौघांत 'सरकारचा जावई' म्हणाले, तेही सोडून दिले. म्हणजे बहुतेक सोडले.

३. बँकेतली मुदत ठेव. वच्छला छावणीतल्या अंगणवाडीत मदतनीस होती. मानधन होते, पेन्शन नाही. डॉक्टरांनी गुडघे बदलायला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तुमच्यामागं मला पेन्शन कमीच येईल. ठेव ऱ्हाऊ द्या." मी मान डोलावली. मीच आधी जाणार, हे आम्ही दोघे धरून चाललो होतो. तिच्या एकटेपणासाठी तिच्याच गुडघ्यांवर बचत केली. सहा वर्षे ती जिना आडवी होऊन चढली.

ही ठेव माझ्यामागे सगीराबाई शेख यांना, गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी द्यावी. त्या वच्छलाच्याच अंगणवाडीत होत्या आणि तशाच जिना चढतात. एकदा आमच्याकडे म्हणाल्या, "शेजूळभाऊ, काडीपेटी घेतली तरी टॅक्स लागतो. तुमच्या पेन्शनीत माझी पण एक काडी हाय."

वच्छला म्हणाली, "मग बैस, त्या काडीचा चहा पिऊन जा."

दोघी लई हसल्या. मी पेपर वाचत राहिलो.

कलम ३ मधील ठेवीचे वाटप खोडले आहे. लिहून झाल्यावर ध्यानात आले, की पुन्हा एका बाईच्या गुडघ्यांनी माझ्या मरणाची वाट पाहायची. सोमवारी ठेव मोडून पैसे सगीराबाईंना देतो. त्यांनी ते साठवू नयेत, एवढीच अट. इंद्रजीत विचारेल, त्याचा हक्क का डावलला. हे न्यायाचे आहे की नुसता पश्चात्ताप, ते ठरत नाही. तरी देतो.

४. माझे दहावे-तेरावे साधे करावे.

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
सही : स. क. शेजूळ
साक्षीदार : १) सोमनाथ औताडे, शेजारी २) फारूख पठाण, किराणा दुकानदार

दोघे संध्याकाळी सह्यांना येतील. तोवर भात लावतो. एका माणसाच्या भाताला पाणी किती, ते अजून जमत नाही.