डाव्या हाताचा अंगठा

माघ व. ३०, बीड
आज पुन्हा. यमूला देवघरापुढे फेफरं आलं. सौ.ने कांदा हुंगवला, मी जोडा आणला. सासरहून परत पाठवल्यापासून हे नववं. प्रत्येक वेळची तिथी वहीत टिपून ठेवली आहे. अमावास्या तीनदाच निघते, तरी सौ. म्हणते, "बघा, अमावास्याच." सोळा वर्षांची पोर. जीभ चावली गेली आहे, नुसती पेज पिते.

फाल्गुन शु. ४
कचेरीतून परभारे दवाखान्यात. डॉक्टरसाहेबांपुढे मोठ्या ऐटीत वही ठेवली. "पेशकारसाहेब, चाँद कायकू पाहता? पोरीकडे पाहा. सुरुवात कुठून होते?"
बावीस वर्षं कोर्टात लोकांच्या जबान्या उतरवतोय, आणि हे सांगता येईना. फेफरं आलं की आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे धावतो. हात पदराखाली असतात.
त्यांनी विचारलं, डोक्याला कधी मार लागला होता? लहानपणी पायरीवरून पडली, असं सांगितलं.

फा. शु. ११
पाहिलं. दुपारी, तांदूळ निवडताना. तोंडाकडे पाहायचं नाही असं ठरवून बसलो होतो, फार जड गेलं. आधी डाव्या हाताचा अंगठा. नुसता अंगठाच, सुपावर टकटक. मग मनगट, मग दंड, मग तोंड वाकडं, मग शुद्ध गेली. सौ. ओरडत होती, "अहो, धरा की तिला! लिहिताय काय?"

फा. शु. १२
ऐकून डॉक्टरसाहेब खुर्चीतून उठलेच. म्हणाले, मेंदूत हरेक अवयवाची जागा ठरलेली असते, विलायतेत हे अलीकडेच शोधून काढलंय. डावा अंगठा हलवणारी जागा उजव्या बाजूला. तिथेच काही टोचत असणार. हैदराबादेस एक सर्जन कवटी उघडून असलं काढतो. वाचेल? "बहुतेक." बरी होईल? "कदाचित." अंगठा कायमचा लुळा पडेल, असंही होऊ शकतं.
पण आधी डोकं भादरा, मला जागा पाहू द्या.
भादरा! नवरा जिवंत असताना.

फा. व. २
न्हावी आला, ऐकलं, धोकटी उचलली. "मालक, सवाष्णीच्या डोक्याला वस्तरा लावायला मला नका सांगू. माझी बी लेकरं हायेत." नांदूरघाटहून विहीणबाईंचा निरोप: बोडकी होऊन येणार असंल तर माझ्या उंबऱ्याला पाय लावू नये, माझा लेक जिता हाय.
यमू म्हणाली, "उद्या चुलीपाशी पडले तर? तेव्हा कोण विचारील केसांचं?" आणि आईच्या पुढ्यात पाठ करून बसली. सौ.ने कात्री घेतली. नंतर माझा वस्तरा मागितला. कुठे कापलं नाही.

फा. व. ३
डॉक्टरसाहेबांनी डोक्यावरून बोट फिरवलं, एका जागी थांबले. "पायरीने एवढा लहान खड्डा पडत नाही. खरं लिहून द्या, सर्जनला लागेल." सौ. शेजारीच उभी.
सांगितलं. सहा वर्षांची होती. फैसल्याच्या कागदावर तिने शाई सांडली. मी पितळी दौत फेकून मारली. घरात कुणी नव्हतं. पायरीचं मीच रचलं. दहा वर्षं सौ. त्या पायरीला शिव्या देत आली.
लाज वाटते. इथे, स्वतःपुरतं लिहितानासुद्धा

फा. व. ५
सौ. बोलत नाही. ताट वाढते, निघून जाते. यमू पाणी घेऊन आली. "मला आठवत होतं, बाबा. दौत. तुमी मांडीवर घेऊन रडलात, ते बी."
"मग बोलली कावून नाहीस?"
"तुमीच पायरी म्हणालात."


फा. व. ८
रजेचा अर्ज केला होता, रुखसत मंजूर. दमणीला बैल जुंपले, तोच जावई घोड्यावरून हजर. "मामा, आई लई ओरडली. ओरडू द्या. मी धडधाकट हाय. हिच्या केसावाचून मला काय होतंय?" यमूने पदर पुढे ओढला. त्याने हाताने तो मागे सारला, पाहिलं, आणि नजर वळवली नाही. आमच्याबरोबरच निघाला. जालन्यापर्यंत दमणी, पुढे रेल्वे.

चैत्र शु. ३, हैदराबाद
सकाळीच आत नेलं. सर्जनसाहेबांनी माझा जबाब वाचून खिशात ठेवला. जाताना यमू म्हणाली, "बाहेर आले की अंगठा हलवून दाखवते."
सौ. आज बोलली. "इथं बसा," एवढंच. शेजारी जागा केली. जावई दारासमोर उभा आहे, पागोटं हातात.
तीन आठवडे देवाजवळ एकच मागणं होतं, तो अंगठा हलू नये. आता इथे बसून तो हलावा म्हणून मागतोय. सूर्य डोक्यावर आला. दार अजून उघडलं नाही.