जावईबापू मैदानाबाहेर

सिहोरा

तीर्थरूप पुंडलिकमामांना टीनाचा साष्टांग नमस्कार.

मामींची कंबर आता कशी आहे? इकडे सगळे ठीक, फक्त बाबा माझ्याशी बोलत नाहीत. (फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र.) कारण तुम्हाला कळलेच असेल. तर आधीच सांगते, माफी मी मागणार नाही.

आमच्या फ्रिस्बीच्या संघात मुलं-मुली एकत्र खेळतात आणि कर्णधार मी आहे. तबकडी हातात आली की पळता येत नाही, दहा आकड्यांच्या आत फेकावी लागते. मी सगळ्यांना दोनातच सोडायला शिकवलंय, कारण समोरच्यांना दम खाऊ दिला की ते आपापली जागा धरतात आणि मग फटच सापडत नाही. रविवारी तुमसरच्या संघाला असेच पळवत आम्ही पाच-एकने पुढे होतो. तेवढ्यात पाहुणे आलेले वीरेंद्र भाऊजी (अंजूताईसाठी स्थळ तुम्हीच शोधलेत, विसरू नका) म्हणाले, "मी बी खेळतो." जावयाला नाही कोण म्हणणार? फेकतात मात्र लांब, हे मान्य.

मग मैदानात मानपान सुरू झाला. जो तो तबकडी आधी भाऊजींनाच देणार. आमच्या संघातल्या कैलाशने तर शेजारी उभ्या भाऊजींना दोन्ही हातांनी अदबीने दिली. असं हातात देणं नियमात बसत नाही, त्यामुळे ती गेली समोरच्यांकडे! भाऊजी तबकडी धरून निवांत चौफेर बघत उभे. समोरचा पोरगा आठ, नऊ मोजतोय आणि आमच्यातलं एकही तोंड उघडेना. शेवटी मीच ओरडले, "टाका ना जी लवकर!" तर म्हणतात, "मले कायची घाई आहे?" सहा-सहा झाल्यावर मी त्यांना मैदानाबाहेर काढलं. आम्ही जिंकलो. भाऊजी न जेवता घरी लाखनीला गेले, आईचा कोंबडीचा रस्सा तसाच राहिला.

बाबा म्हणतात, "जवायाले असं कोणी हाकलते का? माफी माग, नाहीतर नागपूरचे सामने विसर." नागपूरसाठी आम्ही वर्षभर घाम गाळलाय, मामा. तरी मागणार नाही. पंगतीत त्यांना पहिलं वाढीन, ताटही उचलीन. मैदानात रेंगाळेल तो बाहेर, मग जावई असो की प्रत्यक्ष तुम्ही.

तुमची हट्टी भाची,
टीना

ता.क. कैलाशचा पाय मुरगळलाय. लांब फेकणारं दुसरं कोणी नाही. भाऊजी फक्त तुमचंच ऐकतात, त्यांना नागपूरला पाठवा. मी म्हटलं असं सांगू नका.

ता.क. २. राहू द्या. आत्ताच भाऊजींचा फोन आला, माफी मागशील तर येतो म्हणाले. मागितली. मला नागपूरला जाऊ द्यायला बाबांना तुम्हीच पटवा, पण माफीचं घरात कोणाला कळता कामा नये.