पाणी बरोबर आलं होतं

सोम. ३ नोव्हें.
चालला! रेणूची ऊर्जा काढणारा आमचा जुना प्रोग्रॅम सुपरकॉम्प्युटरच्या दोन हजार प्रोसेसरवर चालला. पाण्याच्या रेणूचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी आठ दशांश स्थळांपर्यंत तंतोतंत. टीमचा रिवाजच आहे, पाणी जुळलं की पेढे. माणच्या ऑफिसात आमचे टीमप्रमुख सावंत सर, त्यांनी स्वतः वाटले. चाकणच्या बॅटरी कंपनीला मेल : तयार आहे, वापरा. खाली माझं नाव.

मंगळ. ४
पप्पांनी दापोडीभर सांगितलंय. विहारातसुद्धा. भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीनवर काढलेली, पेढा खाता खाता विचारतात, "पहिला पीस सगळेच तपासतात, बाळा. मधला काढून बघितलास का?" मी खेकसले. पप्पा, हा लेथ नाहीये.

बुध. ५
बघितला. बॅटरीच्या द्रावणातला मोठा रेणू. पाचशे प्रोसेसरवर एक उत्तर, हजारवर दुसरं. रेणू तोच!!

गुरु. ६
सापडलं. रेणूचे तुकडे प्रोसेसरांत वाटतो, शेवटी बेरीज. वाटणीच्या सीमेवरचा तुकडा दोन्ही शेजारी मोजतात, म्हणजे बेरजेत दोनदा येतो. पाणी एवढंसं, एकाच्याच वाट्याला मावलं. सीमाच नाही. बाकी एक हजार नऊशे नव्व्याण्णव नुसते बसून होते आणि आम्ही पेढे खाल्ले. वाटणीचा कोड मीच लिहिलाय. रडले बाथरूममध्ये.
सरांना सांगितलं. म्हणाले, "चाकणला आत्ता काही बोलू नकोस. दुरुस्त कर, गुपचूप नवीन प्रोग्रॅम टाकू." पण सोमवारी चाकणवाले याच प्रोग्रॅमने काढलेल्या आकड्यांवरून द्रावण निवडून बॅटरीचे सेल भरणार. गरम झाला एखादा तर?

शनि. ८
दुरुस्ती केली. पाचशे, हजार जुळले. दोन हजारचं काम अजून सुपरकॉम्प्युटरच्या रांगेत. त्याशिवाय खात्री नाही. जेवण जात नाही.

सोम. १०
रांग हलली नाही. सकाळी साडेनऊला चाकणहून रोहिणीचा फोन. त्यांच्याकडची केमिस्ट, गोड पोरगी.
"ताई, तुमच्या आकड्यांनी लई काम सोपं झालं. भरायला घेऊ ना?"
सर समोरच. मानेने नाही-नाही, सांगू नकोस.
म्हटलं, "थांब."
"का हो ताई?"
सरांनी फोनसाठी हात पुढे केला. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.